स्विचवर शिंपडलेलं पाणी

नेटवर्कचा स्विच टेबलावर होता. वीस संगणकांच्या वीस तारा त्यात खोचलेल्या. वीस हिरवे दिवे लुकलुकत होते. चार दिवसांचं माझं काम त्या एका डब्यात येऊन थांबलं होतं आणि सगळं चालू झालं होतं.

शाळेच्या सचिवबाई तांब्या घेऊन आल्या. तांब्यात तुळशीची पानं. मला हातानंच खूण केली, बाजूला हो. मी झाले. त्यांनी पाणी घेतलं आणि तारांवर, सामानाच्या खोक्यावर, तारांची टोकं दाबायच्या माझ्या पकडीवर शिंपडलं.

मी म्हणाले, "बाई, यात करंट आहे."

"हात लागलेत सगळीकडे. शुद्ध करून घेते. उद्या उद्घाटन आहे."

आणि ओंजळभर पाणी सरळ स्विचवर.

फट् असा आवाज. जळका वास. वीसचे वीस दिवे गेले.

बाई क्षणभर दचकल्या. मग वळून म्हणाल्या, "पाहा, काम कच्चं आहे हिचं. हे लोक असेच."

संगणकाचे सर तिथंच उभे होते. शिपाई उभा होता. सरांनी मोबाइल काढला आणि त्यात पाहत राहिले.

मी काय केलं? काहीच नाही. ओढणीनं पकड पुसली, सामान पिशवीत भरलं, जळका स्विच उचलला आणि बाहेर पडले. तेच मला अजून टोचते.

मी गोंदियाजवळच्या मुर्रीची. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला. गोंदियात एका दुकानात नेटवर्कचं काम करत होते. तार ओढायची, आठ बारीक रंगीत तारा क्रमानं लावायच्या, टोकाला कनेक्टर दाबायचा, राउटर बसवायचा. शिडीवर चढून भिंतीला ड्रिल मी स्वतः मारते. सौंदडकडच्या या शाळेत मला एकटीला पाठवलं होतं, कारण काम मला येत होतं.

पहिले तीन दिवस स्टाफरूममध्ये बसून चहा प्यायले. चिनी मातीच्या कपात. बाई स्वतः म्हणायच्या, "पोरगी हुशार आहे."

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मुर्रीत कुठं राहतेस?"

मी म्हणाले, "बुद्धविहाराच्या मागं."

बाई "हो का" म्हणाल्या. बस, एवढंच. चौथ्या दिवशी चहा कागदी कपात आला. शिपायानं तो व्हरांड्यातल्या कठड्यावर ठेवला आणि माझ्याकडे न पाहता गेला. मी तो प्यायले. गुमान प्यायले.

घरी आईला सांगितलं. आई राइस मिलमध्ये आयुष्यभर धान वाळवत आली. मला वाटलं, जाऊ दे म्हणेल.

आई म्हणाली, "त्यायनं शिंपडलं, ते मले नवीन नाही. तू कायले गप राहिली?"

मी म्हणाले, "कामावर होती मी."

"मीबी कामावरच होती. चाळीस वर्षं."

मग ती उठून चुलीकडे गेली.

सकाळी दुकानात मालकानं सर्व्हिस रिपोर्ट माझ्यापुढं टाकला. शाळेतून फोन आला होता. ते म्हणत होते, पोरीनं चुकीचं कनेक्शन केलं.

मालक म्हणाला, "लिख दे ना, गलती मेरी थी. तेरा क्या जाता है?"

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. स्विचचे स्क्रू काढले. झाकण उचललं. आतला बोर्ड एका बाजूनं काळा पडलेला, त्यावर पाण्याचे डाग. आणि हवेच्या जाळीतून आत गेलेला तुळशीच्या पानाचा तुकडा, बोर्डाला चिकटलेला.

"ये मैंने डाला क्या?"

मालकानं पान पाहिलं. मग हळूच, "अपने को धंधा करना है, बेटा."

तरी लिहिलं. बिघाडाचं कारण या रकान्यात लिहिलं: तंत्रज्ञ बौद्ध असल्याचे कळल्यावर शुद्धीकरणासाठी चालू यंत्रावर पाणी टाकले. खाली सही केली. पूर्ण नावाची, आडनावासकट.

मालक म्हणाला, "ये कागज लेकर गई तो वापस मत आना."

मी रिपोर्टची प्रत आणि स्विच घेऊन शाळेत गेले. उद्घाटन पुढं ढकललं होतं. बाईंनी कागद वाचला. चेहरा लाल.

"पाणी पवित्र होतं. त्यानं काही जळते काय?"

मी झाकण उघडून पान दाखवलं. त्यांनी तोंड फिरवलं. मी सरांना म्हणाले, "तुम्ही पाहिलं ना? सही करा."

सर म्हणाले, "मला तास आहे."

तिथून पोलीस ठाण्यात गेले. टेबलामागच्या हवालदारानं विचारलं, "पाणीच ना? मारलं तर नाही? तुझ्या अंगावर तर नाही शिंपडलं?"

"मी हात लावलेल्या वस्तूंवर शिंपडलं. मी लावला म्हणून शिंपडलं. लिहा."

"विचार कर. कोर्टाच्या चकरा मारशील."

"मारीन. लिहा."

तीन वेळा सांगावं लागलं. तेव्हा त्यानं लिहिलं.

नोकरी गेली. दुसऱ्या दुकानांत विचारलं, तिथं माझी गोष्ट माझ्या आधी पोचलेली. मग शाळेचे निरोप सुरू झाले. आधी धमकी, मग गोड बोलणं. परवा सर स्वतः घरी आले. म्हणाले, "बाई माफी मागायला तयार आहेत. फक्त त्यांच्या घरी, चार भिंतींत. तू तक्रार मागं घे."

आई दारात उभी होती. माझ्याकडे पाहून राहिली होती.

मी म्हणाले, "सर, अपमान चार भिंतींत झाला होता काय? तुम्ही होते ना तिथं."

सरांनी मान खाली घातली. घालू दे.

मला माफी नको. बाईंनी कोर्टात उभं राहून सांगावं, पाणी कशावर टाकलं आणि काऊन टाकलं. सरांनी सांगावं, त्यांनी काय पाहिलं. सगळं माझ्यासमोर, लेखी. मग कितीही तारखा पडोत, मी प्रत्येक तारखेला हजर राहणार. तक्रार मागं घेणार नाही. समजवायला कोणी घरी येऊ नये.