काकांचं ओरडणं थांबलं तेव्हा

ध्यानाचे फायदे कुणी सांगू लागलं की मी विषय बदलते. ते शांत चेहऱ्याने, गोड आवाजात सांगतात ना, त्याचाच मला राग येतो. पण मनातून मला ते पटलेले असतात, कारण मी माझ्या मोठ्या काकांना पाहिलं आहे, आणि काकांचा आवाज काही गोड नव्हता.

काका कोटांच्या दुकानात कटिंग मास्तर होते. कापड मांडायचं, खडूने आखायचं आणि कापायचं, शिवणारे वेगळे. दुकान खाली, आम्ही वर, त्यामुळे त्यांचं ओरडणं आम्हाला जिन्यातून फुकट ऐकू यायचं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. इस्त्री गार झाली, ओरड. बटण खाली पडलं, ओरड. बटणाला काय कळतंय! काकू म्हणायची, "यांच्या कात्रीपेक्षा जिभेलाच धार जास्त." तरीही ओल्या कापडावर तापलेली इस्त्री फिरली की जो वास येतो, तो आजही कुठे आला तर माझे पाय थांबतात. किती गजबजलेले, किती चांगले दिवस होते ते.

मग एका वर्षी काकांची झोप उडाली. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर, सकाळी डोकं जड, आणि बोटं थरथरायला लागली. त्यातच एका बँडमास्तरांचा मखमलीचा कोट आला. मखमलीला लव असते. एका बाजूने ती गडद दिसते, उलट धरली की फिकी. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे, हे शिकाऊ माणसालाही माहीत असतं. काकांनी पुढचा एक भाग उलटा कापला. कोट शिवून झाला, बँडमास्तर आरशापुढे उभे राहिले, आणि अर्धा माणूस गडद, अर्धा फिका! काका शिवणाऱ्यांवर ओरडले, कापडाच्या व्यापाऱ्यावर ओरडले, डोक्यावरच्या दिव्यावरसुद्धा ओरडले. मालक एवढंच म्हणाले, "मास्तर, काही दिवस कात्री राहू द्या. काजं-बटणं बघा."

कापड कापायचं ते टेबल हातचं गेलं तर या माणसात उरणार काय, या काळजीने काकू अर्धी झाली. तिने त्यांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्तदाब चढलेला होता. बाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून स्वस्थ बसा, नुसतं श्वासाकडे लक्ष द्या.

"डोळे मिटून झोप येत नाही म्हणून तर आलोय ना!" काका तिथेही ओरडले.

बसायचं कसं ते शिकवावं लागलं नाही. शिंपी माणूस, मांडी घालूनच मोठा झालेला. अडचण होती ती मनाची. डोळे मिटले की तो दुरंगी कोट समोर हजर. नळ ठिबकला की एक डोळा उघडायचा, "बंद करा रे तो!" आम्ही तोंडात पदर, रुमाल, जे हाताला लागेल ते कोंबून हसायचो.

एकदा मी विचारलं, "काका, जमतंय का?"

"मन पळतं गं. पण सुईतून दोरा निघाला तर आपण काय करतो? परत ओवतो. सुईला शिव्या देतो का?"

"देता की," काकू आतून म्हणाली. "कालच दिल्यात."

फरक हळूहळू पडला. आधी झोप आली, घोरण्यासकट. ("यांची आली, माझी गेली," इति काकू.) मग रक्तदाब उतरला. आणि एक गंमत झाली. वर्षानुवर्षं कात्री धरून काकांचा उजवा खांदा वर चढलेला होता. लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून ते स्वतःच्या कोटात डाव्या खांद्याला जास्त कापूस भरायचे. एक दिवस कोट घातला तर डावी बाजूच वर! कोटाने दगा दिला म्हणून ते ओरडणार, इतक्यात त्यांच्या लक्षात आलं, उजवा खांदाच खाली आला होता. काकूने शिवण उसवून मूठभर कापूस काढला आणि कितीतरी वेळ तो हातात धरून बसली.

शेवटी मालकांनी टेबलाशी बोलावलं. काम तेच, बँडमास्तर तेच, मखमल तीच. मी जिन्यात उभी राहून बघत होते. काकांनी कापडावरून तळहात फिरवला, आखलं, कात्री उचलली. आणि हात थरथरला. सगळ्यांनी पाहिलं. आता कुणाचा तरी उद्धार होणार म्हणून शिवणाऱ्यांनी माना खाली घातल्या. काकांनी कात्री ठेवली, स्टुलावर बसले, डोळे मिटले. दुकानात मशीनसुद्धा वाजेना. थोड्या वेळाने उठून ते म्हणाले, "मालक, हात थरथरतोय. आज नको. उद्या कापतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मखमल कापली, कोट झकास झाला आणि टेबल त्यांच्याकडेच राहिलं. पण माझ्या मनात घर करून आहे ती आदली संध्याकाळ. काका जेवायला बसले होते.

"तुम्हाला राग नाही आला?" मी विचारलं.

"राग कसला? भीती वाटली. टेबल गेलं असं वाटलं." त्यांनी घास तसाच ठेवला. "मला भीती वाटली की मी ओरडायचो गं. पहिल्यापासून. तुम्ही सगळे त्याला राग म्हणायचात."

काकूने त्यांच्याबरोबर अख्खा संसार केला होता, आणि हे तिलाही नवीनच होतं. ती वाढता वाढता थांबली, त्यांच्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "अहो, आधी सांगायचं ना."