नाव त्यांनीच ठेवलं होतं

मला तारलं ते आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. हे आधी लिहिते, काय घडलं ते मागून. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा लिहिण्यात मागंपुढं झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. इथं पुण्यात मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. मध्य प्रदेशातल्या आमच्या राजेगावच्या शेजाऱ्याचं कार्ड आलं, तोवर आत्याबाईंची तेरवीही होऊन गेली होती...

माझे मालक तिरोडीच्या खाणीत अपघातात गेले, तेव्हापासून मी आत्याबाईंजवळच राहिले. घरात थोरले दीर होते. आमच्याकडं त्यांना भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही रीत. मी रीत पाळली, त्यानं पाळली नाही. एका दुपारी आत्याबाई धानाच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, गेल्या असताना त्यानं माझ्यावर जबरदस्ती केली. त्या परतल्यावर मी सगळं सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या नि एवढंच म्हणाल्या, "कोनाले सांगू नको." पण त्यानंतर त्यांना घास गिळवेना. शेवटी एका सकाळी त्यांनीच माझा हात धरून मला ठाण्यात नेलं.

खटला जिल्ह्याच्या गावी, बालाघाटला चालला. मला धास्ती होती ती एकाच गोष्टीची, कोर्टात त्याचं नाव घ्यावं लागणार. साक्षीच्या दिवशी सकाळी आत्याबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"नाव घेऊन पाह्य."

"मले नाई जमत, आत्याबाई."

"काहून नाई जमत? ते नाव मीच ठेवलं होतं. मी सांगून राह्यली ना तुले, घे."

मी पुटपुटले.

"मुंगीले सांगून राह्यली का? वकिलाले ऐकू गेलं पाह्यजे."

मग मी मोठ्यानं नाव घेतलं. त्यांचे हात क्षणभर थांबले, मग सूप पुन्हा हलू लागलं.

कोर्टात मी आधी 'भासरा' एवढंच म्हणत राहिले. त्याचा वकील म्हणाला, "जिसका नाम तक नहीं ले सकती, उस पर इल्ज़ाम?" मला सूप आठवलं. मी म्हटलं, "केशव." मग वकिलानं विचारलं, इतके दिवस गप्प का होतीस, भासऱ्याच्या वाट्याच्या शेतावर डोळा होता का. मी खरं तेच सांगितलं, आत्याबाईंनी थांबवलं होतं.

पुढं त्यांची साक्ष झाली. "देरी तिची नाई साहेब, माही हाय. तिनं त्याच दिवशी सांगतलं. मी माय हाय त्याची, म्हनून तिचं तोंड दाबलं."

"बुढ़िया, बहू ने सिखाया है?"

"सून शिकवंल तं मी सासू कायची?"

लोक हसले. जज्जसाहेब मात्र खाली मान घालून लिहीत होते. निकालात त्यांनी काय म्हटलं, ते सरकारी वकिलांनी मला समजावलं: घरातल्या अत्याचाराला बाहेरचा साक्षीदार कुठून यायचा? बाईचं बोलणं खरं वाटलं, तर तेही पुरेसं असतं. उशीर झाला म्हणून ते खोटं होत नाही, आणि इथं तर उशिराचं कारण आईनंच सांगितलंय. केशवला शिक्षा झाली.

आत्याबाई त्याला भेटायला तुरुंगात जात. मला कधी 'चाल' म्हणाल्या नाहीत. त्यांनीच ओळख काढून मला इथं कामाला धाडलं, निघताना ते सूप हातात दिलं.

आजही वसतिगृहाचे तांदूळ मी त्याच सुपात पाखडते. सुनेनं सासूचंही नाव घेऊ नये म्हणतात, पण आज मोठ्यानं घेते... भागीरथी. एखादी मुलगी असं काही मनात दाबून माझ्याजवळ येऊन बसली, तर तिला मी गप्प करणार नाही. ठाण्यात जाईन, कोर्टात जाईन, तिला नाव घेता येईस्तोवर बाजूला बसेन. आत्याबाई, तुमचं एवढं तरी मी फेडीनच.