दोन नंबरच्या जर्सीची नोंद

इंग्लंडमधल्या आमच्या गावातल्या रग्बी लीग क्लबच्या महिला संघाचा पहिला सामना ज्या वहीत नोंदलेला आहे, त्या वहीतलं अक्षर माझं आहे. त्या पानावर दोन गोष्टी खोट्या आहेत. दोन्ही मी समजून-उमजून लिहिल्या. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, म्हणून मीही गप्प बसलो. गेल्या मंगळवारी विचारणा झाली.

फोन क्लबच्या इतिहासकाराचा होता. इतिहासकार म्हणजे इथला एक निवृत्त बस ड्रायव्हर. क्लबची सगळी जुनी कागदपत्रं त्याच्या गॅरेजमध्ये असतात आणि त्याची गाडी वर्षभर पावसात उभी असते.

"डॉक, येत्या रविवारी मुलींना हेरिटेज नंबर देतोय," तो म्हणाला. "यादी शुक्रवारी दुपारी छापायला जाणार. पहिल्या सीझनची वही तुझ्याकडेच आहे ना? एकदा ताडून बघ."

हेरिटेज नंबर ही इकडची पद्धत. क्लबसाठी जो सर्वांत आधी मैदानात उतरला त्याला एक, मग ज्या क्रमाने खेळाडू येत गेले तसा पुढचा. पहिल्या सामन्यातल्या तेरा जणांना जर्सीच्या क्रमाने. मिळालेला नंबर जन्मभराचा, माणूस गेल्यावरही तो दुसऱ्याला देत नाहीत. पुरुषांना तो आधीपासून आहे. बायकांना देण्याचं आत्ता सुचलं, त्यांच्या खेळाडूंना पगार मिळायला लागला आणि सामने टीव्हीवर दिसायला लागले तेव्हा.

त्याने पाठवलेली यादी मी उघडली. एक नंबर पहिल्या सामन्यात एक नंबरची जर्सी घातलेल्या फुलबॅकला. दोन नंबर त्या दिवशी तीन नंबरची जर्सी घातलेल्या मुलीला. तिच्या नावापुढे कंसात लिहिलं होतं: संघाचा पहिला ट्राय, म्हणजे बॉल समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे टेकवून मिळवलेले पहिले गुण.

दोन नंबरची जर्सी घातलेली मुलगी यादीत नव्हतीच. ती माझी मुलगी.

मी भूलतज्ज्ञ होतो, इथल्याच हॉस्पिटलमध्ये. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना महिला संघ सुरू झाला. मैदानाच्या कडेला एखादा डॉक्टर असावा म्हणून कोचने मला विचारलं. पहिल्याच सरावाला त्याने माझ्या हातातला कागद पाहिला आणि ओरडला, "अरे, या डॉक्टरचं अक्षर वाचता येतं!" झालं. त्या दिवसापासून वही माझ्याकडे. कोण खेळलं, कोणी गुण केले, कितव्या मिनिटाला, सगळं मी लिहायचं आणि रविवारी संध्याकाळी गावच्या साप्ताहिकाला फोन करून सांगायचं.

मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मेडिसिनच्या पहिल्या वर्षात एका विषयात नापास होऊन घरी आली होती, सप्टेंबरमध्ये पुन्हा परीक्षा. बायकोने तिचे बूट माळ्यावर टाकले आणि सांगितलं, पास होईपर्यंत खेळ बंद. बायकोचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण मुलीचा चेहरा मला बघवेना. मी माळ्यावरून बूट काढले, गाडीच्या डिकीत सुटकेसखाली लपवले आणि बायकोला सांगितलं, रविवारी मी मॅचला जातो तेव्हा हिला वाटेत लायब्ररीत सोडतो.

इथवर मी स्वतःला चांगला बाप समजत होतो.

पहिल्या सामन्याच्या सकाळी गाडीत मी तिला म्हणालो, "नाव मात्र वहीत येणार नाही. पेपरमध्ये टीमशीट छापतात. आपल्या महाराष्ट्र मंडळातले लोक तो पेपर वाचतात. आईला कळेल."

"मग काय लिहिणार?"

"ए. एन. अदर."

इकडे एखाद्या खेळाडूचं नाव द्यायचं नसेल तर असं लिहितात, म्हणजे आणखी कोणीतरी. ती हसली. "बाबा, सो ड्रामॅटिक! मी स्पाय आहे काय?" मग थोडं थांबून म्हणाली, "पण मी ट्राय केली तर? तर माझा नाव लिहा हां." तिच्या मराठीत 'माझं' आणि 'माझा' यांचा घोळ अजूनही आहे.

"कर तर आधी," मी म्हणालो. हे मला स्पष्ट आठवतं. मी नाही म्हणालो नव्हतो.

सामना आम्ही वाईट हरलो. समोरच्या मुली दोन वर्षं एकत्र खेळत होत्या. आमच्यातल्या निम्म्या जणींनी पूर्वी बॉल हातात धरला नव्हता. चिखल इतका की जर्सीचे नंबर दिसेनात. पण शेवटी शेवटी आमच्या सेंटरने, तीन नंबरच्या मुलीने, दोघींना अंगावर घेऊन बॉल बाहेर विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला, दिला. विंगला माझी मुलगी होती. तिने साइडलाइनच्या आतून, माझ्यापासून हातभर अंतरावरून धाव घेतली. तिचा श्वास मला ऐकू आला. कोपऱ्यात तिने बॉल टेकवला. आमच्या संघाचे त्या दिवसाचे तेवढेच गुण. सगळ्या तिच्या अंगावर कोसळल्या आणि त्या ढिगातून हात वर काढून तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी वहीत मिनिट लिहिलं. नावाची जागा रिकामी ठेवली.

संध्याकाळी साप्ताहिकाच्या बातमीदाराला फोन केला. बायको शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती.

"ट्राय कोणाचा?" त्याने विचारलं.

"ए. एन. अदर."

"डॉक, टीमशीटमध्ये चालेल. पण क्लबच्या पोरींचा पहिला ट्राय आहे, हेडलाइनमध्ये मी 'आणखी कोणीतरी' लिहू? नाव सांग."

इस्त्रीचा आवाज थांबला होता. कपडा बदलायला थांबला असेल. मी सेंटरचं नाव सांगितलं. मग वहीच्या रिकाम्या जागेतही तेच लिहिलं, म्हणजे वही आणि पेपर जुळतील. हॉस्पिटलात तीस वर्षं कागद जुळवण्याची सवय होती.

गुरुवारी मुलीने स्वतः जाऊन पेपर विकत आणला. स्वयंपाकघरात उभ्याने वाचला, घडी घातली आणि रिसायकलिंगच्या डब्यात टाकला. मला म्हणाली, "इट्स फाइन, बाबा." पुढचे तीन रविवार ती आली. चौथ्या रविवारी मी डिकी उघडली तर बूट नव्हते. आणि त्या दिवशी ती खरंच लायब्ररीत गेली.

सप्टेंबरमध्ये ती पास झाली. दोन वर्षांनी तिने मेडिसिन सोडलं. आता ती लंडनजवळ मेडनहेडला एका सॉफ्टवेअर कंपनीत असते. त्या मैदानावर ती पुन्हा कधी आली नाही. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं ती कधी म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

यादी आल्यापासून मी तीच पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. भीती साधी होती. गप्प बसलो तर रविवारी ते खोटं कायमचं ठरणार होतं. बोललो तर दोनपासून पुढच्या प्रत्येक मुलीचा नंबर एकाने सरकणार होता, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना तो आधीच कळवलेला होता. शिवाय बायको. तिला आजही वाटतं की तिच्या धाकामुळे मुलगी त्या उन्हाळ्यात रविवारचा अभ्यास करत होती.

बुधवारी मी मैदानावर गेलो. ती सेंटर आता संघाची सहायक कोच आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचा सराव घेत होती. मी सांगायला सुरुवात केली आणि तिने बाही वर सारली. मनगटाच्या आत ताजं गोंदण होतं. दोन.

"मागच्या शनिवारी काढून घेतलं," ती म्हणाली. "आता काय करू, शेजारी अधिक एक लिहू?"

मला हसू येईना. मी माफी मागितली.

"नंबरचं राहू दे डॉक, कातडी माझी आहे, मी बघेन. ट्रायचं बोल. त्या दिवशीच्या बाकीच्या कधीच क्लब सोडून गेल्या; दरवर्षी क्लबच्या डिनरला मीच उठून सांगायचे, तो माझा नव्हता, मी फक्त पास दिला. सगळे म्हणायचे, वा, किती नम्र! आणि तू? तू माझ्यासमोर बसून सूप पीत होतास."

तिने मुलींना शिट्टी मारून पुढचा सराव सांगितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या मुलीने माझ्याशी कधी भांडण केलं नाही. मला वाटायचं, तिला माझा राग असणार. मी तिला त्यानंतर फोनसुद्धा केला नाही. घाबरून."

म्हणजे मी एका फोनवर दोघींचं काहीतरी मोडलं होतं, आणि मला एकीचंच माहीत होतं.

गुरुवारी दुपारी, मुलीच्या लंच ब्रेकमध्ये, मी मेडनहेडला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे मायक्रोवेव्हचा आवाज आला आणि थांबला.

"आईला माहीत आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"अजून नाही? बाबा, मी बत्तीस वर्षांची आहे."

"सांगणार आहे."

"आधी वही नीट करा. मग फोटो पाठवा. मला बघायचंय तुम्ही काय लिहिता." आणि फोन ठेवला. रागात की घाईत, कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी वही टेबलावर घेतली. पेशंटच्या कागदावर चूक झाली तर ती खोडून काढायची नसते, पांढरा रंगही लावायचा नसतो. तिच्यावरून एकच सरळ रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं काय ते लिहायचं, सही करायची, आजची तारीख टाकायची. ज्युनियर डॉक्टरांना हे मी शेकडो वेळा शिकवलं असेल. माझी पहिली रेघ वाकडी गेली. 'ए. एन. अदर'वर रेघ, बाजूला मुलीचं पूर्ण नाव. ट्रायच्या ओळीत सेंटरच्या नावावर रेघ, बाजूला पुन्हा मुलीचं नाव. दोन्हीकडे सही.

फोटो मुलीला पाठवला. फोटो पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही. दहा वाजले, साडेदहा झाले. इतिहासकाराचा मेसेज आला, यादी बरोबर आहे ना? मी फोन पालथा घातला. सुलटा केला. पुन्हा पालथा घातला.

अकराच्या सुमारास तिचं उत्तर आलं. "मिनिट चुकीचा आहे. तुम्ही सत्तर लिहिलंय. त्र्याहत्तर होता. स्कोअरबोर्डचा क्लॉक मी पाहिलेला."

मी वही पुन्हा उघडली. त्या दिवशी माझ्या घड्याळाच्या काचेवर चिखल होता, हे मला आठवत होतं. मी अंदाजाने लिहिलं होतं. सत्तरवर रेघ ओढली, त्र्याहत्तर लिहिलं, सही केली, फोटो पाठवला. इतिहासकारालाही पाठवला आणि फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "डॉक, मला आता सगळी यादी पुन्हा टाइप करावी लागणार." आणि थोड्या वेळाने, "बरं झालं छापायच्या आधी बोललास."

मुलीचा आणखी एक मेसेज आला होता. "रविवारी किती वाजता?"

मी लिहिलं, दोन.

"आईला आधी सांगा. तिला घेऊन या. तिला नाही सांगितला तर मी येणार नाही."

बायको मागच्या अंगणात खुर्चीवर बसून कुंडीतली मेथी खुडत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो. तिने वर पाहिलं.

"अहो, असे काय उभे? बरं वाटत नाहीये का?"

मी दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसलो.

"ते लायब्ररीचे रविवार आठवतात तुला?" मी म्हणालो. तिच्या हातातली मेथी तशीच राहिली.