साधी पावडर

गेल्या मंगळवारी दुपारी, रत्नागिरीत, लॅबच्या व्हरांड्यात उभं राहून मी फोनवर एका माणसाला म्हणाले, "साधी आहे हो, न्या बिनधास्त." तेव्हापासून घास गिळवत नाहीये...

मी इथल्या एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये काम करते. कंपन्यांच्या पावडरी येतात, त्यातली कुठली दुसऱ्याची आग भडकवते ते आम्ही बघतो. अशी पावडर स्वतः पेटत नाही, पण गवतात, लाकडात, कागदात मिसळली की आगीला आतूनच ऑक्सिजन पुरवते. मग वरून कितीही झाका... विझत नाही.

टेस्ट अगदी घरगुती वाटेल अशी. सेल्युलोजची भुकटी, म्हणजे कापसाचा पिठासारखा भुगा म्हणा, ओव्हनमध्ये खडखडीत वाळवायची. तिच्यात पावडर मिसळून ढीग करायचा, तापलेल्या तारेनं पेटवायचा आणि स्टॉपवॉच धरून बसायचं. धोकादायक म्हणून माहीत असलेल्या एका केमिकलचा ढीग आधी तसाच जाळलेला असतो, त्याच्या वेळेशी तुलना करायची. त्याहून हळू जळला तर पावडर साधी.

मंगळवारी सकाळी तो तुलनेचा ढीग व्यवस्थित जळला. मग लाईट गेली. मी डबा खायला गेले आणि भुकटीच्या बरणीचं झाकण नुसतं टेकवून गेले... जुलै महिना, आमच्याकडे या दिवसांत डब्यातलं मीठसुद्धा पाणी धरतं, आणि हे मी जन्मापासून बघतेय.

लाईट आल्यावर त्याच बरणीतली भुकटी घेतली. नव्या सॅम्पलचा ढीग नुसता धुमसला, रडतखडत जळला. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. खरं सांगते, मला बरंच वाटलं. पाचची एसटी मिळणार होती.

तेवढ्यात रफीकभाईंचा फोन आला. त्यांचा स्वतःचा टेम्पो आहे. सीझनला आंबा, बाकी वर्षभर कंपन्यांचा माल, आणि आमच्याकडे सॅम्पल आणून देणारे पण तेच. माणूस भारी जपून वागणारा. त्याच पावडरच्या वीस गोणी दुसऱ्या दिवशी गोव्याकडच्या गोदामात न्यायच्या होत्या, आणि टेम्पोत आंब्याच्या पेट्यांचा पेंढा अजून तसाच होता. गोणींना खालून ओल लागू नये म्हणून ते पावसाळाभर तो पसरून ठेवतात. पेंढा काढू का, एवढंच विचारत होते.

रिपोर्टवर आमच्या साहेबांची सही व्हायची होती. तरी मी म्हणून टाकलं... साधी आहे.

बुधवारी सकाळी नऊला बरणी उघडली. भुकटीच्या गुठळ्या झाल्या होत्या. ओली भुकटी जळणार कशी? माझा कालचा सगळा निकाल खोटा होता.

तेव्हाच, त्या मिनिटाला, फोन करायचा होता. पण आमच्या कामात खात्री झाल्याशिवाय बोलत नाहीत. साहेब म्हणाले, उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका, आधी पुन्हा टेस्ट करा. मलाही ते पटलं... सोयीचं होतं ना. ताजी भुकटी ओव्हनमध्ये ठेवली आणि चार तास ओव्हनकडे बघत बसले.

दीडला ढीग पेटवला. स्टॉपवॉचवर बोट नीट टेकायच्या आत तो भडकून संपला.

रफीकभाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. सहाव्यांदा त्यांच्या बायकोनं उचलला, हॉस्पिटलमधून.

अकराच्या सुमाराला लांज्याच्या पुढे आग लागली होती. एक गोण फाटून पावडर पेंढ्यात सांडली, आणि खालून सायलेन्सरची धग. धूर दिसल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि कोकणातला कोणीही माणूस पेंढा पेटला तर जे करेल तेच केलं. ओली ताडपत्री टाकून ती दोन्ही हातांनी दाबून धरली. साध्या पावडरला तेवढं पुरलं असतं... लोकांनी बादल्यांनी पाणी मारलं म्हणून जीव वाचला.

मंगळवारी खात्री नसताना बोलले, बुधवारी खात्री नाही म्हणून गप्प बसले. हे वाक्य मी दिवसभर मनात घोळवतेय.

पावडर धोक्याची आहे असा साहेबांनी कंपनीला मेल केला. मला म्हणाले, रिपोर्ट गेलेला नव्हता, कागदावर आपण कुठेच नाही, तुम्ही भेटायला जाऊ नका. मी गुरुवारी गेले.

दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. मला बघून तेच माझी समजूत घालायला लागले. ताडपत्री अजून घट्ट दाबायला हवी होती म्हणे, आपलीच चूक झाली. मला ते ऐकवेना. बरणीपासून ओव्हनपर्यंत सगळं सांगितलं. मी चुकले, असं म्हणून मी रडले.

बायकोनं तोंड फिरवलं. मला वाटलं आता जा म्हणतील, आणि म्हणायलाच हवं होतं.

मग रफीकभाई हळूच म्हणाले, "बाय, माझा साडू सलीम उद्या हाच माल भरणार हाय. त्याला आत्ता फोन लाव. माझ्यानं धरवत नाय."

म्हणजे मेल ड्रायव्हरपर्यंत पोचलाच नव्हता. उशाजवळचा त्यांचा फोन घेतला, नंबर लावला, त्यांच्या कानाला धरला. ते सांगत होते, "सलीम, पेंढा सगळा काढ. झाडून घे, धुवून घे. पेटलं तर झाकू नको, गाडी सोड आणि लांब पळ."

सलीमनं नक्की का, असं विचारलं असावं. म्हणाले, "हां, खात्रीनं सांगतो. लॅबवाली बाय हितंच बसलीय."

माझ्या शब्दावर त्यांनी पुन्हा एकदा विश्वास ठेवला... मी तो फोन तसाच धरून बसले, पलीकडून सलीम "काढतो" म्हणेपर्यंत.