पावडरीवरची काळी रेघ

गाडीवाल्या मावशीचा नवरा आजारी पडला तेव्हा त्याचं उजवं अंग गेलं आणि तोंडात एकच शब्द उरला, ‘नाही’. पाणी हवं असलं तरी नाही, नको असलं तरी नाही. त्यातला फरक मावशी आवाजावरून ओळखायची. तिचं चुकलं की तो डोळे मिटून घ्यायचा.

त्याची जुनी व्हॅन आता ती चालवत होती. पहाटे बेकरीतून माल उचलायचा आणि दुकानोदुकानी पोचवायचा. पण व्हॅनखाली ऑइल ठिबकायला लागलं. आधी थेंब, मग थारोळं. एका दुकानदाराच्या दारात डाग पडला तेव्हा बेकरीच्या मालकानं तिला बाजूला घेतलं. “मावशी, सोमवारपर्यंत काय ते बघा. नाहीतर मला दुसरी गाडी लावावी लागेल.”

गॅरेजवाला म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल, पंधरा दिवस गाडी ठेवून जा. पंधरा दिवस गाडी उभी राहिली असती तर काम गेलंच असतं. मावशी गाडी घेऊन घरी आली.

इतकी वर्षं नवरा गाडीखाली शिरला की पाने तिनंच त्याच्या हातात दिले होते. कुठला पाना कुठल्या बोल्टाला, हे तिला पाठ होतं. पण बोल्ट किती आवळायचा, हे पाने देणाऱ्याला कुठून कळणार? शनिवारी तिनं नवऱ्याची खुर्ची दारात आणून ठेवली, गाडीची पुढची सीट उचलली आणि खालच्या इंजिनाच्या झाकणाचं रबरी पॅकिंग बदललं. ऑइल तिथूनच येतंय, अशी तिची खात्री होती. अंगात होतं नव्हतं ते बळ लावून तिनं बोल्ट आवळले. मागून नवरा “नाही, नाही” म्हणत राहिला.

“अहो, गप्प बसा ना जरा,” ती खेकसली.

इंजिन सुरू केलं तर नवं पॅकिंग चेपून एका कोपऱ्यातून बाहेर आलेलं, आणि आता तिथूनही ऑइल पाझरत होतं.

रविवारी सकाळी तिनं त्याला आंघोळ घातली. तो फळीवरच्या पावडरच्या डब्याकडे बोट दाखवायला लागला. तिनं मानेला पावडर लावली. “नाही.” पाठीला लावली. “नाही.” मग त्यानं डाव्या हातानं डबा हिसकावला आणि उघड्या दारातून गाडीकडे भिरकावला.

मावशी तिथेच खाली बसली. “मी काय करू, सांगा,” ती म्हणाली. “तुम्ही गेला असतात, तर निदान एकदाच रडून मोकळी झाले असते.” बोलून गेली आणि तिची तीच चरकली. तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे काही मिटले नाहीत त्यानं.

बऱ्याच वेळानं ती डबा उचलायला गेली. गाडीखाली पावडर सांडली होती आणि ऑइलचा ओघळ तिच्यातून काळाकुट्ट, ठळक वाट काढत निघाला होता.

“अहो,” तिनं हळूच विचारलं, “इंजिनाला लावायची का?”

या वेळचं “नाही” इतकं मऊ होतं की पुढे काही विचारायची गरजच उरली नाही.

तिनं रॉकेलनं सगळं इंजिन पुसून कोरडं केलं, वर पावडर भुरभुरली आणि गाडी सुरू केली. थोड्या वेळात पांढऱ्यावर काळी रेघ उमटली, ऑइल प्रेशरच्या स्विचच्या बुडाशी. ऑइलचा दाब पडला की दिवा लावणारी, अंगठ्याएवढी वस्तू. सुट्या भागांच्या दुकानदाराला घरून उठवून तिनं नवा स्विच आणि झाकणासाठी दुसरं पॅकिंग आणलं. नवरा “नाही” म्हणाला की तिथेच पाना थांबवत तिनं दोन्ही बसवली. पण इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथे इंजिन उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, तिथे दुसरी रेघ सावकाश खाली सरकत होती. गॅरेजवाला अगदीच थापा मारत नव्हता.

सोमवारी बेकरीच्या दारात दुसरा टेम्पो उभा होता. मालकानं वाकून तिच्या गाडीखाली बघितलं.

“कमी झालंय, मावशी, पण थांबलेलं नाही. जवळची चार दुकानं राहू देत तुमच्याकडे. बाकीची त्याला दिली.”

“आठ दिवस तरी द्या,” ती म्हणाली. त्यानं चार दुकानांचा माल तिच्या गाडीत ठेवायला सांगितला.

चार दुकानं हा हा म्हणता संपली. गाडीचा आवाज इतक्या लवकर ऐकून नवरा काय ते समजला. मावशी आत आली. त्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे त्याच्या निकामी हाताची बोटं एकेक करून सरळ करत राहिली.