भावोजींच्या नावाआधीचं 'कै.'

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. डोंबिवली पूर्वेला मी बावीस वर्षं दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतेय. माझ्याकडे दोन आणि दोन चारच होतात. अमावास्येला नारळ ओवाळून टाकणाऱ्या शेजारणीची मी यथेच्छ थट्टा केलेली आहे. तरी हे लिहितेय, कारण मनात ठेवून आता चैन पडत नाही.

माझी थोरली बहीण शोभाताई ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहायची. घरगुती मसाले करायची... सोळा वर्षं! आणि सोळाही वर्षं तिचे यजमान, म्हणजे आमचे दिगंबर भावोजी, चारचौघांत तिला 'आमची मिरचीवाली' म्हणून हसायचे. घरात ठसका नको म्हणून ती भर दुपारी गॅलरीत शेगडी मांडून मिरच्या भाजायची. पाकिटावर नाव मात्र 'दिगंबर मसाले'. शेवटच्या आजारपणात ती त्यांना म्हणाली, "एकदा तरी पाकिटावर माझं नाव घाला हो." भावोजी म्हणाले, "आधी बरी तर हो." ती बरी झालीच नाही. मी तिथेच, हॉस्पिटलातल्या कॉटच्या कडेला उभी होते. ते वाक्य मी विसरले नाही आणि माफ तर मुळीच केलं नाही.

तिच्या मागे मसाले मी आणि तिच्याकडच्या दोघी बायकांनी चालू ठेवले. गेल्या वर्षी वेबसाइट करायची ठरली, तेव्हा मी आमच्याच गल्लीतल्या मृणालला काम दिलं. ती घरूनच वेबसाइट करते, शिवाय मोबाइलवर पाठवायच्या लग्नपत्रिका. 'आमच्याविषयी' या पानाचा मजकूर मी लिहून दिला— 'संस्थापक: कै. सौ. शोभा.' भावोजींनी तो वाचला आणि लगेच फोन केला.

"वंदना, लायसन्स माझ्या नावावर आहे. संस्थापक मीच. तिला खाली प्रेरणास्थान म्हणून घाल. छान दिसतं."

प्रेरणास्थान! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण लायसन्स खरंच त्यांचं, बोलणार काय? 'संस्थापक: श्री. दिगंबर' आणि खाली 'प्रेरणास्थान: कै. सौ. शोभा' असं करून घेतलं.

दोन दिवसांनी मृणालकडे साइट बघायला गेले. स्क्रीनवर होतं— 'संस्थापक: कै. श्री. दिगंबर'. खाली 'प्रेरणास्थान: सौ. शोभा'. ताईच्या नावाआधीचं 'कै.' उठून भावोजींच्या नावाआधी जाऊन बसलं होतं.

"अगं मृणाल, जिवंत माणूस आहे तो!"

तिचा चेहरा पडला. "काकू, मी पत्रिका करते हो. चुलत्यांच्या नावाआधी चुकून कै. लागलं तर लोक घरी येऊन धुतील मला. मी तीनतीनदा तपासते." तिने लगेच दुरुस्त केलं. मला वाटलं, माणूस आहे, चुकते.

दसऱ्याच्या सकाळी भावोजींनी त्यांच्या नव्या फ्लॅटवर, घोडबंदर रोडला, उद्घाटन ठेवलं होतं. ऑफिसातले जुने मित्र, नातेवाईक, त्यांची ऐंशीची आत्या, शिवाय मी आणि मृणाल. लॅपटॉप टीव्हीला जोडलेला. त्यांनी स्वतःच्या हाताने पान उघडलं.

'संस्थापक: कै. श्री. दिगंबर.'

आत्या चष्मा सावरत म्हणाली, "अगो बाई... दिगू, हे काय रे मेल्यांनी लिहिलंय!"

भावोजी मृणालवर जे काही ओरडले! तिने तिथल्या तिथे दुरुस्त केलं. पान पुन्हा उघडलं, पुन्हा 'कै.'. दुसऱ्यांदा तेच. मग भावोजींनी तिला बाजूला केलं आणि आपल्या बोटाने ते अक्षर आणि टिंब खोडलं, सेव्ह केलं. वीस माणसं बघत होती. पान उघडलं... 'कै.' जागच्या जागी. खाली ताई, 'सौ.'. कुणीतरी टीव्ही बंद केला. भावोजी मटकन सोफ्यावर बसले, घामाने शर्ट भिजलेला. ताटातला श्रीखंडाचा पहिला घास मी तेव्हा घेतला. गोड लागला. खोटं कशाला बोलू?

मृणालने पासवर्ड बदलले, लॅपटॉप बदलला. सर्व्हरवाल्यांना विचारलं, ते म्हणाले आमच्याकडे सगळं ठीक आहे. आठवड्याभराने तिचा फोन आला.

"काकू, उपाय सापडला. सरांचं नाव टाइप न करता फोटो म्हणून टाकलं की काही येत नाही. कालपासून तीन वेळा बघितलं मी. लावू?"

डोळ्यांसमोर ती हॉस्पिटलातली कॉट आली.

"नको लावूस," मी म्हटलं. "आणि त्यांना सांगू पण नकोस."

पुढचे पंधरा दिवस भावोजी रोज सकाळी ते पान उघडून बघायचे. ते घराबाहेर पडेनात, रस्ता ओलांडेनात, गॅस स्वतः पेटवेनात. डॉक्टर झाले, भटजींकडून उदकशांत झाली, काही लागू पडेना. सोळाव्या दिवशी ते माझ्याकडे डोंबिवलीला आले. लायसन्सचे कागद सोबत होते. माझ्या नावावर करायला सही करून आणले होते.

"माझं नाव काढ," ते म्हणाले. "तिचंच घाल. पाकिटावर पण."

त्याच दुपारी मृणालने 'संस्थापक: कै. सौ. शोभा' असं केलं. तेव्हापासून आजतागायत एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. पाकिटं आता 'शोभाताईंचे मसाले' नावाने जातात. हे असं का झालं, कुणी केलं, मला माहीत नाही. मृणालला माहीत नाही. हे वाचणाऱ्या कुणा कॉम्प्युटरवाल्याला कळलं तर जरूर सांगा.

भावोजींचा अजून दर अमावास्येला फोन येतो. आवाज अगदी बारीक झालाय त्यांचा.

"वंदना, पान नीट आहे ना? ती... शांत झाली असेल ना गं आता?"

पान मी रोज बघते. ते नीट आहे.

"नाही भावोजी," मी सांगते. "अजून नाही."