भातात खोवलेल्या उदबत्त्या

"काढा! आधी काढा ते तिथून! कोणी लावलं हे? कोणी?"

ओरडत होत्या हायाशी-सान, वृद्धाश्रमाच्या मुख्य बाई. जपानमध्ये माणूस ओरडतो म्हणजे काय, हे तिथे न राहिलेल्यांना कळायचं नाही. तिथे ट्रेनमध्ये कोणी पाय तुडवला, तर ज्याचा पाय चेचला तोच माफी मागतो. आणि ही चहाच्या किटलीएवढी बाई अशी किंचाळली, की खिडक्यांची तावदानं हलली... बरं, तावदानं नसतील हलली. माझ्या हातातला कुंकवाचा करंडा मात्र नक्की हलला.

आधीच सांगून ठेवते — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. शाळेच्या सहलीत भुताच्या गोष्टी रचून बाकीच्या मुलींना रडवायचं काम माझंच असायचं. स्वतःच भुतं बनवणारी बाई त्यांना घाबरेल कशाला? आणि हो, मला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे. पण इथे जिथे लावेन तिथे मीच सांगेन. बाकीचं घडलं तसं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. बाबा बँकेच्या पोस्टिंगवर टोकियोत. आम्ही राहायचो फुनाबोरीला आणि मी नदीपलीकडे इचिकावाच्या एका मुलींच्या कॉलेजात जायचे. तिथे एका अमेरिकन मॅडमनी फार पूर्वी सुरू केलेलं मुलींचं मंडळ होतं — सगळ्या त्याला 'सिस्टर्स' म्हणायच्या. कराओके, ख्रिसमसची पार्टी, एकमेकींचे स्वेटर घालून मिरवणं... आणि दर महिन्याला समाजसेवा, म्हणजे हा वृद्धाश्रम. नव्या मुलीला वरच्या वर्गातली एक ताई नेमून द्यायचे. नियम असा, की धाकटीनं माती खाल्ली की पद जाणार ताईचं.

माझी ताई नाओको-सान. मंडळाची अध्यक्ष, दिसायला काडी, पण कणा लोखंडाचा. परदेशी मुलगी घ्यायची की नाही यावर मंडळात महायुद्ध पेटलं होतं (म्हणजे दोघी-तिघी हळू आवाजात कुजबुजल्या होत्या), तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "मीनलची जबाबदारी माझी." आपलं पद तिनं माझ्या नावावर पणाला लावलं होतं, आणि माझ्यासारखीच्या!

जानेवारीचा कार्यक्रम माझ्याकडे आला. संक्रांत जवळ आलेली. मी ठरवलं, आजीबाईंचं हळदीकुंकू करायचं.

आई म्हणाली, "अगं, तिथे बहुतेक सगळ्यांचे नवरे गेलेले असतील."

"असू देत. सगळ्यांना लावणार."

आईनं तिळाचा डबा खाली काढला. मग म्हणाली, "लाव. आणि तीळगूळ मऊ कर, कवळ्या असतील त्यांना."

दुपारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. हॉलमध्ये आजीबाई खुर्च्यांवर ओळीनं बसलेल्या. नाओको आणि इतर मुली आत चहा करत होत्या. मी हळदकुंकू मांडलं, उदबत्ती काढली... आणि उदबत्तीचं घर फुनाबोरीलाच राहिलेलं! बाजूच्या टेबलावर कोणाचा तरी न खाल्लेला भाताचा वाडगा होता. आपल्याकडे घर सापडलं नाही तर काय करतो? केळ्यात खोचतो, नाहीतर तांदळाच्या वाटीत. मी भातात दोन उदबत्त्या उभ्या खोचल्या आणि पेटवल्या.

आजीबाईंचं हसणं एकदम थांबलं. मला वाटलं, भारावल्या.

कुंकू लावत सुटले. एक जण लाजली, एकीनं डोळे गच्च मिटले. शेवटी खिडकीशी, हीटरजवळ एक आजी बसलेल्या. जांभळट लोकरीचा स्वेटर, उजव्या हाताची करंगळी आत वळलेली. मी जवळ जाताच त्यांनी स्वतःच त्या हातानं कपाळावरचे केस बाजूला केले. जणू दरवर्षी हळदीकुंकवाला जातात! कपाळ गार होतं. हीटरजवळ बसलेल्या बाईचं कपाळ इतकं गार कसं, हे तेव्हा मनात आलं नाही.

त्यांनी वाडग्याकडे बोट दाखवलं. "तो भात माझा का?"

मला वाटलं, जेवायच्या राहिल्या असतील. मी आपली दिलदार. "हो आजी, तुमचाच. दोझो, घ्या ना."

त्या वाडग्याकडे बघत राहिल्या. आणि तेवढ्यात दारातून हायाशी-सान ओरडल्या.

त्यांनी उदबत्त्या उपटून पाण्यात बुडवल्या. भात तसाच होता, वर दोन भोकं. आम्हा सगळ्या मुलींना कोट हातात देऊन बाहेर काढलं. मी वळून पाहिलं, तर खिडकीजवळची खुर्ची दोन आजीबाईंच्या आड गेलेली.

बसस्टॉपवर नाओकोनं सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "मीनल, भातात अशा उभ्या काड्या, मग त्या जेवायच्या असोत की उदबत्तीच्या, आम्ही फक्त मेलेल्या माणसासाठी खोचतो. तो वाडगा त्याचा असतो. त्यानं यावं, जेवावं, म्हणून."

मी ऐंशीच्या घरातल्या बायकांसमोर मेलेल्याचं पान वाढलं होतं!

"तुमचं पद?" मी विचारलं.

"त्यांनी कॉलेजला कळवलं, तर जाईल."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी माफी मागायला गेलो. हायाशी-साननी चहा दिला नाही. समोर टेबलावर काहीतरी पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवलं होतं. नाओको इतकी खाली वाकली, की तिचं कपाळ टेबलाला टेकलं.

"भाताचं मी समजू शकते," हायाशी-सान म्हणाल्या. "ही परदेशी आहे. पण हे?"

त्यांनी कापड उघडलं. काळ्या चौकटीतला फोटो. जांभळट स्वेटर. कपाळावर, बरोबर मध्यभागी, कुंकू.

"या आजी नवीन वर्षाच्या सुट्टीत वारल्या. फोटो आतल्या खोलीत असतो, खोलीला कुलूप असतं, किल्ली माझ्याकडे. तुमच्यापैकी आत कोण गेलं होतं? खरं सांगितलं नाहीत, तर मी आजच कॉलेजला फोन करणार आहे."

मी बोट लावून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही. कुंकू काचेच्या आत होतं. (इथे तिखटमीठ नाही.)

नाओको वर न बघता म्हणाली, "चूक माझी आहे. मी—"

"नाही!" माझा आवाज फुटला. "मी लावलं. पण फोटोला नाही. या आजींना लावलं. खिडकीशी, हीटरजवळ बसल्या होत्या."

"थट्टा करतेस?"

"त्यांनी स्वतः केस बाजूला केले. या हातानं. करंगळी अशी वळलेली." मी करून दाखवलं. फोटोत हात नव्हते.

हायाशी-सान हळूच खुर्चीत बसल्या.

"काही म्हणाल्या का?"

"भात माझा का, असं विचारलं. मी हो म्हटलं. घ्या म्हटलं."

हायाशी-साननी फोटोची चौकट सरळ केली. मग त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "शेवटी शेवटी त्यांनी खाणं सोडलं होतं. मी चमचा घेऊन बसायचे. तोंड उघडायच्या नाहीत. माझ्या हातून एक घास घेतला नाही."

त्यांनी फोटो परत कापडात गुंडाळला. कुंकू पुसायचा प्रयत्न केला नाही. कॉलेजला फोनही केला नाही. नाओकोला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात नेहमीच्या वेळी या." नाओकोनं टेबलाखाली माझा हात इतका दाबला, की बोटं अजून दुखतात... बरं, अजून नाही दुखत.

मी याची हजार उत्तरं शोधली. दुसरीच कोणी आजी असेल, कुलूप उघडं राहिलं असेल, फोटो लावतानाच काचेत लाल डाग राहिला असेल. एकही उत्तर त्या वळलेल्या करंगळीपाशी टिकत नाही. आणि एक प्रश्न तर मी तिथेच, दारात बूट घालताना विचारला होता.

"हायाशी-सान, त्या दिवशीच्या भाताचं काय केलंत?"

"वाडगा रिकामा होता," त्या म्हणाल्या. "धुऊन ठेवला."